मागचं दिसण्याची व्यवस्था

निळा रंग, दोन हात. डब्याच्या तळाशी थोडा उरलाच, तर तोही वाया घालवायचा नाही.

*

ताईच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्याचा खालचा खण गेली छत्तीस वर्षं उघडलेला नाही.

*

सात कुंड्या. त्यातल्या दोन नुकत्याच फुलायला लागल्या होत्या. शिवाय एक टपालपेटी.

*

पोस्टमनने तिला अकराव्या पायरीवर बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. ती म्हणाली, कोणाला सांगू नका. त्याने फक्त एकालाच सांगितलं.

*

कॅमेरा आढळला नाही. कृपया जोडणी तपासा.

*

एकच खेप.

*

हे तुकडे एकमेकांशी फटकून बसलेत, हे कबूल. ते एकत्र आणायचं काम चष्मेवाल्यांवर सोपवू या. नाहीतरी जोडणी तपासायची सूचना त्यांनाच आली होती.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. अर्धी वस्ती त्यांनी बसवून दिलेल्या काचांतून जग बघते. अशा माणसाला पिकअप ट्रक आणि वर त्याच्यामागे ओढायचा ट्रेलर कशाला लागतो, हा प्रश्न त्यांच्या बायकोने चार वर्षांपूर्वी विचारला होता, आणि त्याचं उत्तर अजून यायचं होतं. ते उत्तर आता येत्या रविवारी सकाळी दहा वाजता द्यायचं ठरलं होतं.

कारण ताई राहायला येणार होती.

ताई चष्मेवाल्यांची थोरली बहीण, पंधरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर त्यांचं नाक पुसण्यापासून त्यांच्या दुकानाच्या पाटीचा मजकूर ठरवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. तेहेतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजच्या दुरुस्ती खात्यात होती. बंद पडलेली लाइन नेमकी कुठे बंद पडलीय हे खुर्चीवर बसून, माणसांना प्रश्न विचारून शोधायचं, हे तिचं काम. निवृत्तीनंतर ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. इमारतीला लिफ्ट नाही. थंडीत ती जिन्यात पडली, आणि ही बातमी भावाला कळली ती पोस्टमनच्या डोळ्यांचा नंबर काढताना.

तेव्हापासून नवरा-बायको दोघंही तिला मागच्या अंगणातल्या खोलीत राहायला बोलावत होते. ताईकडे नाही म्हणायचे नाना प्रकार होते. खोली ओलसर असेल. माझं घड्याळ मोठ्याने वाजतं, तुम्हाला झोप लागायची नाही. बघू. शेवटी एक दिवस फोनवर ती म्हणाली, "येते. पण एकच खेप. सगळं सामान एका खेपेत बसलं तर येते, नाहीतर मी इथे बरी आहे. दोन खेपा म्हणजे लोकांना वाटतं बिऱ्हाड आलं."

चष्मेवाल्यांना हा नाही म्हणायचा आणखी एक प्रकार वाटला. पण त्यांच्या बायकोने त्याच दिवशी टेप घेऊन ताईचं घर गाठलं आणि पलंगापासून पाटापर्यंत सगळं मोजून आणलं. ट्रक आणि ट्रेलर मिळून सामान बसत होतं. चार बोटं जागा उरतही होती.

अडचण गल्लीची होती. ताईची गल्ली पुढे बंद आहे, आणि आत ट्रेलर वळवायला जागा नाही. म्हणजे तोंडापासून उलटं उलटं आत जायचं. ट्रेलर उलटा नेणं ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे की स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि मग रागावून आणखी डावीकडे फिरवलं की तो आडवा होऊन बसतो. गेल्या वर्षी ताईचं वॉशिंग मशीन दुरुस्तीला न्यायचं म्हणून चष्मेवाले असेच आत शिरले होते. वॉशिंग मशीनला धक्काही लागला नाही. कुंड्यांचा आकडा वर दिलाच आहे. त्या इमारतीच्या सचिवांच्या होत्या.

म्हणून यंदा चष्मेवाल्यांनी आधी सचिवांकडे रीतसर अर्ज केला. उत्तर आलं:

"गतवर्षीचा अनुभव (कुंड्या ७, टपालपेटी १) विचारात घेता, जोडवाहनास उलट चालीने प्रवेश देण्यापूर्वी चालकास मागचे दिसण्याची व्यवस्था कार्यरत असल्याचे गल्लीच्या तोंडाशी दाखवावे लागेल. परवानगी फक्त येत्या रविवारी, सकाळी १० ते १२. सोमवारपासून गल्ली खोदण्यात येणार आहे. ती कधी बुजवणार, हे खोदणाऱ्यांनी कळवलेले नाही."

चष्मेवाल्यांनी हे पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांना दिसण्याची व्यवस्था करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ही भाषा लागणारच. पण त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी ते मुकाट्याने बाजारात गेले आणि ट्रेलरच्या मागे लावायचा कॅमेरा घेऊन आले.

*

कॅमेरा त्यांनी स्वतः बसवला. चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू जो फिरवतो त्याला हे काही अवघड नव्हतं. ट्रेलरच्या पाठीवर कॅमेरा, तिथून खालून खालून पुढे आलेली वायर, पुढे ट्रकचं सॉकेट आणि ट्रकमध्ये चित्र दाखवणारा पडदा. कॅमेऱ्याची काळी वायर ट्रेलरच्या सांगाड्यालाच एका बोल्टने आवळायची होती. तीही त्यांनी आवळली, अगदी दृष्ट लागण्यासारखी.

मग त्यांनी चार पावलं मागे सरून काम बघितलं. बोल्ट चांदीसारखे चमकत होते, आणि बाकी ट्रेलर गंजाचा. हे काही बरं दिसेना. ताई या ट्रेलरमधून येणार. म्हणजे ताई नाही, ताईचं सामान, पण एकच.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही असं त्यांना तेव्हा वाटलं, म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. आपणही ताई विचारेपर्यंत थांबू.

बुधवारी सकाळी चष्मेवाल्यांनी दुकानातला अक्षरांचा तक्ता अंगणाच्या भिंतीला लावला, ट्रेलरची पाठ त्याच्याकडे केली आणि पडद्यासमोर बसले. कॅमेरा नुसता चालून भागणार नव्हतं, त्याची नजर तपासायची होती. पडद्यावर काळोख आणि काळोखात एकच वाक्य: कॅमेरा आढळला नाही.

शेजारचे पंचकाका कुंपणावरून बघत होते. पंचकाका म्हणजे फुटबॉलचे निवृत्त पंच. शिट्टी अजून गळ्यात असते. ते येऊन पडद्यासमोर बसले आणि म्हणाले, मला तर काहीच दिसत नाही. चष्मेवाल्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बरं. आणि आता?"

पंचकाकांच्या मते दोष उन्हाचा होता. ट्रेलर सावलीत घेतला. मग दोष ओलीचा ठरला. ट्रेलर उन्हात घेतला. दर हालचालीला पंचकाका शिट्टी फुंकत होते, त्यामुळे तासाभरात आणखी तिघं जमले. एकाने प्लग काढून फुंकर मारली. दुसऱ्याने तोच प्लग काढून दुसऱ्या बाजूने फुंकर मारली. तिसरा फक्त म्हणाला की त्याच्या मेव्हण्याचाही असाच गेला होता. पण कॅमेरा की मेव्हणा हे त्याने स्पष्ट केलं नाही. बायकोने खिडकीतून विचारलं, दुकान आज बंद आहे का. ते बंद होतं. चष्म्याच्या दुकानावर "थोड्याच वेळात येतो" अशी पाटी लावून चष्मेवाले तीन दिवस परतले नाहीत.

*

गुरुवारी ते ट्रकच्या शोरूमला गेले. सोपं वाक्य वाटतं. पण ट्रेलर जोडलेला असताना उलटं न जाता शोरूम गाठायचं म्हणजे कुठेही अडकता कामा नये, म्हणून त्यांनी असा रस्ता आखला की ज्यात फक्त पुढेच जायला लागेल. एरवी पंधरा मिनिटांचं अंतर त्या दिवशी सव्वा तासाचं झालं. एका गोल चौकाला ते तीन प्रदक्षिणा घालून गेले. तिसऱ्या वेळी वाहतूक पोलिसाने त्यांना ओळखीचं हसून वाट दिली, आणि त्या हसण्याने त्यांना फार बरं वाटलं.

शोरूमच्या दारात सल्लागार उभा होता. त्याच्या कोटाच्या खिशावर "मदत" असं लिहिलं होतं. त्याने सांगितलं की ट्रेलर आत आणता येत नाही. नियम. चष्मेवाल्यांनी सांगितलं की तक्रारच ट्रेलरच्या कॅमेऱ्याची आहे. सल्लागाराने समजूतदारपणे मान हलवली आणि ट्रेलर बाहेर सोडायला लावला. मग त्याने फॉर्म भरायला घेतला. तक्रारीचं स्वरूप? चष्मेवाले म्हणाले, दिसत नाही. सल्लागाराने लिहिलं आणि आपुलकीने म्हणाला, "तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या ना. चौकात एक चांगले आहेत."

स्वतःच्या धंद्याची अशी स्तुती ऐकून माणसाने काय करावं, याचं कुठे शिक्षण मिळत नाही. चष्मेवाल्यांनी आभार मानले.

दोन तासांनी ट्रक बाहेर आला. शोरूमवाल्यांनी स्वतःचा कॅमेरा लावून बघितला होता आणि पडद्यावर चित्र स्वच्छ होतं. ट्रक ठणठणीत, असा शिक्का. दोष ट्रेलरमध्ये.

शुक्रवारी ते ट्रेलरवाल्याच्या कारखान्यात गेले. त्याच्या फाटकावर पाटी होती: "फक्त ट्रेलर. ओढणारे वाहन बाहेर ठेवावे." वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवून मालक स्वतः आला, चौघांनी ट्रेलर ढकलत आत नेला. त्याने स्वतःची बॅटरी आणली, स्वतःचा छोटा पडदा आणला, कॅमेऱ्याच्या तांबड्या-काळ्या वायरींना आपले चिमटे लावले, आणि पडद्यावर कारखान्याची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, कॅलेंडरवरची माशी सगळं दिसलं. ट्रेलर ठणठणीत. दोष ट्रकमध्ये.

चष्मेवाले दोन शिक्के घेऊन बाहेर आले. त्यांनी ट्रक आणि ट्रेलर पुन्हा जोडले. कॅमेरा आढळला नाही.

वेगवेगळे असले की दोघंही गुणी, आणि एकत्र आले की अबोला. अशी जोडपी चष्मेवाल्यांनी दुकानात खूप बघितली होती, पण त्यात दोष कोणाचा हे त्यांना कधीच सांगता आलं नव्हतं. त्यांनी विनंती केली की एकदा, फक्त पाच मिनिटं, दोघांना एकत्र तपासा. ट्रेलरवाला हळहळला. मनाने फार चांगला माणूस. त्याने पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, पाटी वडिलांनी लावलीय.

*

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर बायको म्हणाली, "ताईंना फोन करा. उद्या सकाळी दारात उभं राहून सांगण्यापेक्षा आज सांगा."

चष्मेवाल्यांनी बायकोच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि खिशातल्या मऊ फडक्याने पुसायला घेतला. ही त्यांची जुनी खोड. बोलायला शब्द सापडेनासे झाले की ते समोरच्याचा चष्मा पुसतात. लग्नाच्या मांडवात त्यांनी सासऱ्यांचा पुसला होता. बायको धूसर नजरेने थांबून राहिली. चष्मा परत मिळाल्यावर तिने फोन त्यांच्या हातात दिला.

मागची खोली तयार होती. ताईच्या गुडघ्यांसाठी पायरीच्या जागी उतार केला होता. घड्याळासाठी खिळाही ठोकला होता. सोमवारपासून गल्ली खोदली जाणार. मग ताई तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली खड्डे. आणि ताईला जे हवं होतं ते तिला आयतं मिळणार: न येण्याचं कारण, तेही भावाच्याच तोंडून.

त्यांनी सगळं सांगितलं. सॉकेट, फुंकरी, दोन शिक्के. ताईने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग तिने विचारायला सुरुवात केली, आणि चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की आपल्याशी ताई नाही, दुरुस्ती खातं बोलतंय.

कारखान्यात काळा चिमटा कुठे लावला होता? थेट वायरीला. आणि तुझ्याकडे ती काळी वायर कुठे जाते? ट्रेलरच्या अंगाला, बोल्टने. बसवल्यावर लगेच चालू होता का? बघितलं नव्हतं. का नव्हतं बघितलं?

चष्मेवाल्यांनी खिशातलं फडकं बाहेर काढलं.

"बाबू," ताई म्हणाली, "तू ट्रेलर रंगवलास का?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"सगळा. दोन हात. निळा."

"बोल्ट काढून, त्याच्याखालीसुद्धा?"

"गंज धरू नये म्हणून. वायरीच्या टोकाची चकती पण. मग वाळल्यावर पुन्हा घट्ट बसवली."

फोनवर ऐकू आलं ते ताईचं हसणं. ती क्वचित हसते, आणि हसली की दम लागेपर्यंत हसते. छत्तीस वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलाने तिच्या पहिल्या पगारात आलेलं लोखंडी कपाट तिला आश्चर्य वाटावं म्हणून एका दुपारी रंगवलं होतं. आतून, बाहेरून, खणाच्या फटीतून, कडीतून. त्याने डबा संपवला होता. वरची दारं तिने सुरीने सोडवली. खालचा खण गेला तो गेलाच.

"वीज रंगातून जात नाही रे राजा," दम खात ती म्हणाली. "तिला उघडं लोखंड लागतं. तुझ्या कॅमेऱ्याला परतीची वाटच नाही. जा, खरवड."

चष्मेवाले अंगणात गेले. बोल्ट सैल केला. खाली रंग असा गुळगुळीत आणि एकसारखा बसला होता की क्षणभर त्यांना खरवडायचं जिवावर आलं. मग त्यांनी काच घासायचा कागद घेतला आणि भिंगाला धार काढावी तशा निगुतीने नखाएवढं लोखंड उघडं केलं. चकतीचा रंगही काढला. बोल्ट आवळला.

बायको ट्रकमध्ये पडद्यासमोर बसली होती. तिने नुसतं वाचायला सुरुवात केली. तक्त्यावरची वरची मोठी ओळ, मग खालची, मग त्याखालची. पंचकाकांनी कुंपणाशी येऊन शिट्टी तोंडाला लावली, आणि ऐकत तशीच धरून ठेवली. बायकोने शेवटची ओळही वाचली. ती ओळ चष्मेवाल्यांना जागेवरून स्वतःला दिसत नव्हती.

*

रविवारी दहाला दहा मिनिटं असताना सचिव गल्लीच्या तोंडाशी हजर होते. हातात परवानगीची प्रत. त्यांनी ट्रकमध्ये बसून पडदा बघितला, चष्मेवाल्यांच्या बायकोला मागे उभं करून बघितलं, छत्री आडवी धरायला लावून बघितलं, आणि "व्यवस्था कार्यरत" असं लिहून सही केली. मग ते पायउतार झाले आणि घाईने आपल्या नव्या कुंड्या उचलून आत ठेवायला लागले. त्यांचा व्यवस्थेवर विश्वास होता. चालकावर तो ठेवावा असं पत्रात कुठे नव्हतं.

आणि ते बरोबरच होतं. कारण गल्लीत दहा हात शिरल्यावर चष्मेवाल्यांना जो शोध लागला तो चार दिवसांच्या धडपडीत कोणीच सांगितला नव्हता: कॅमेरा दाखवतो, शिकवत नाही. ट्रेलर पूर्वी न दिसता आडवा जायचा, आता स्वच्छ दिसत आडवा जाऊ लागला. भिंत किती जवळ आहे ते विटेच्या भेगेपर्यंत कळत होतं. त्यांनी ब्रेक दाबला. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी हॉर्न वाजवला, आणि सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या.

तेवढ्यात पडद्यावर ताई आली.

ती तीन मजले उतरून, काठी टेकत, गल्लीच्या मधोमध येऊन उभी राहिली होती. चालायचे जाड बूट, केस घट्ट बांधलेले. तिने काठी बगलेत धरली आणि एक हात वर केला: थांब. मग पंजा हळूच एका बाजूला कलवला. चष्मेवाल्यांनी भिंतीकडे बघणं सोडलं, कुंड्यांच्या रिकाम्या जागांकडे बघणं सोडलं. ते फक्त तो हात बघत राहिले. हात कलला की स्टिअरिंग तेवढंच. हात सरळ झाला की सरळ. ती एक पाऊल मागे जायची, ट्रेलर एक पाऊल मागे यायचा. पडद्यावर ती ना लहान झाली ना मोठी, तेवढीच राहिली, सबंध गल्लीभर. शेवटी दारापाशी तिने पंजा मिटला. ट्रेलर सरळ रेषेत उभा होता, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून.

सामान सव्वा तासात भरून झालं, कारण ज्यांनी खिडक्या उघडल्या होत्या ते सगळे खाली आले होते. मागोमाग आलेले पंचकाका शिट्टीवर पलंग उतरवत होते. पोस्टमन, रविवार असूनही, अकराव्या पायरीवर उभा राहून जड वस्तू हातोहात पुढे देत होता. कपाट शेवटी आलं. सचिवांनी त्याचं एक टोक धरलं होतं. चष्मेवाल्यांनी खालच्या खणाकडे बघितलं. खिशात काच घासायचा कागद होताच. त्यांनी तो बाहेर काढला.

"राहू दे," ताई म्हणाली. "घरी जाऊन बघू. वेळ आहे आता."

चार बोटं जागा उरली होती. तिथे सचिवांनी कोणाला न विचारता एक कुंडी ठेवली.

चष्मेवाल्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे उभे होते. त्यांनी सचिवांचा चष्मा मागून घेतला आणि पुसला. मग पोस्टमनचा. मग पंचकाकांचा. रांग लागल्यासारखी झाली. ज्यांना चष्मा नव्हता तेही उगाच थांबले. शेवटी त्यांनी ताईचा काढला. दोन्ही काचा आतून-बाहेरून पुसल्या, उजेडात धरून बघितल्या, पुन्हा पुसल्या.

"दिसतंय का आता नीट?" ताईने विचारलं. चष्मा तर तिचा होता.

त्यांनी मान हलवली. तिने चष्मा चढवला आणि ट्रकमध्ये पुढे, दोघांच्या मध्ये जाऊन बसली.

घर सोडत असल्याचं पत्र ताईने घरमालकाला दिलं तेव्हा कॅमेरा अजून बाजारातल्या दुकानाच्या कपाटातच होता, आणि एका खेपेची अट तिने सांगायलाही आठ दिवस बाकी होते.